माशाचा उपास

क्रांती चौकाजवळ तो शोभेचे मासे विकतो. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. गिऱ्हाइकाला तो 'तू' म्हणतो आणि माशांना 'आप'.

एकादशीला आमच्या आईनं माझ्या लेकीच्या गोल्डफिशलाही साबुदाण्याची खिचडी घातली. दुसऱ्या दिवशी तो पोट वर करून तरंगायला लागला. मी कुंडीत खड्डा खणला आणि नेमका तेव्हाच त्याचा कल्ला हलला. लेकीनं रडत मला बरणीसकट दुकानात पिटाळलं.

त्यानं बरणी उजेडात धरली. "आप उलटे क्यूं, जनाब?" मग माझ्याकडं वळला. "काय घातलं रे?"

"साबुदाणा. उपास होता."

"कुणाचा?"

"आईचा."

"मंग यानं कामून खाल्ला? याच्या आत हवेची पिशवी असती, तिच्यावर हा तोल धरतो. पोट तटतटलं, पिशवी दबली, झाला उलटा. तीन दिवस काय बी घालू नको."

"साबुदाणाही नाही?"

त्यानं माशाकडं सहानुभूतीनं पाहिलं.

चौथ्या दिवशी मासा सरळ पोहू लागला. लेकीनं मला पुन्हा बाप मानलं. मी हे सांगायला दुकानात गेलो, तर तो माझ्या सुटलेल्या पोटाकडं बराच वेळ बघत राहिला.

"अब आप भी तीन दिन उपास रखिए," पहिल्यांदाच तो मला अदबीनं म्हणाला.