अर्धी दाढी

आमच्या भाऊजींचा, म्हणजे थोरल्या ताईच्या नवऱ्याचा, हात सोन्याचा. पण ऐकून घेण्याच्या नावाने शून्य. त्यांचं सलून आणि माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान यांत एकच भिंत. सख्खा मेहुणा घड्याळजी असून हा गृहस्थ वेळ मोजायचा गिऱ्हाइकांवर. एक कटिंग म्हणजे अर्धा तास.

त्यांना शुगर. जेवणाआधी अर्धा तास इन्सुलिन घ्या, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. भाऊजी पडद्यामागे जाऊन पोटाला सुई टोचायचे, एक कटिंग करायचे आणि डबा उघडायचे. सहा वर्षं हे गणित चुकलं नाही, हे मलाही कबूल करावं लागतं. पण बाहेर कुणाला त्याचा पत्ता नव्हता. हात कधी थरथरेल याचा भरवसा नाही असं कळलं, तर वस्तऱ्याखाली मान कोण देणार? सगळं पोटपाणी त्या हातावर.

मागच्या महिन्यात डॉक्टरांनी इन्सुलिन बदललं. नवं झटपट काम करतं, तेव्हा जेवण तयार असेल तरच घ्या, फार तर दहा-पंधरा मिनिटं आधी. ताईने दोनदा बजावलं, मीही सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी. भाऊजींची एक कटिंग काही सुटली नाही.

रविवारी दुपारी सुई टोचून त्यांनी मास्तरांना खुर्चीत बसवलं. मास्तर शाळेतले, जुनं गिऱ्हाईक. कटिंग झाल्यावर ते म्हणाले, दाढीही उरकून टाका. भाऊजींना नाही म्हणता येत नाही. मी जेवायला हाक मारायला गेलो तेव्हा एक गाल झाला होता. डोक्यावर पंखा फिरत असूनही भाऊजींच्या कपाळावर घाम होता आणि वस्तऱ्याचं टोक बारीक हलत होतं. बोलावं तर बिंग फुटणार, गप्प बसावं तर मास्तरांचा गळा.

मी तोंड उघडण्याआधीच भाऊजींनी वस्तरा मिटून फळीवर ठेवला.

"मास्तर, मला शुगर आहे. इंजेक्शन घेतलं आणि जेवायला उशीर केला. हात थरथरतोय. आता तुमच्या गळ्याला वस्तरा लावणार नाही."

मला त्यांचा इतका अभिमान कधीच वाटला नव्हता.

मी धावत जाऊन चार चमचे साखर पाण्यात ढवळून आणली. पंधरा मिनिटं माझ्या घड्याळावर मोजली, मग बोट टोचून मशीनवर पाहिलं. आकडा जागेवर आला होता. भाऊजींनी डबा उघडला आणि घाई न करता जेवले. जेवता जेवता मला म्हणाले की उद्यापासून खुर्ची रिकामी आणि डबा समोर असेल, तरच सुई. मास्तर तसेच बसून होते, एका गालावर फेस वाळत. हे आता तोंड पुसून जाणार आणि संध्याकाळपर्यंत गल्लीभर सांगणार, असं गृहीत धरून मी त्यांच्यावर आधीच चिडलो होतो.

भाऊजींनी हात धुतले आणि दोन्ही पंजे मास्तरांसमोर धरले. बोट हलत नव्हतं. उरलेली दाढी दुसऱ्या कुणाकडे केलीत तरी मला राग नाही, असं ते म्हणाले.

मास्तरांनी पंज्यांकडे पाहिलंच नाही. त्यांनी मान मागे टाकली, गळा वर केला आणि डोळे मिटले.

"फेस वाळलाय," ते म्हणाले, "पुन्हा लावा."