उंबराखालची माती

नायगावच्या आमच्या चाळीच्या जागी टॉवर होणार आहे. त्याच्या बागेचं काम बघणारे बिल्डरकडचे एक गृहस्थ दर रविवारी आमच्या मीटिंगला येतात. प्रत्येक वाक्याआधी "ताई, टेन्शन नको" म्हणतात आणि बोलताना बुटाच्या टाचेने अंगण ठोकतात, जणू तिथे आधीच काँक्रीट पडलंय.

अंगणातला उंबर, त्यावरचे पोपट आणि वर्षानुवर्षं पाला कुजून झालेली त्याखालची काळी माती, यांतलं काहीच राहणार नाही. तिथे खाली पार्किंग आणि त्याच्या स्लॅबवर बाग येणार. मी म्हटलं, निदान ही माती काढून ठेवा आणि त्या बागेत घाला.

"टेन्शन नको ताई. माती जड होते, किडे होतात. आपण कोकोपीट टाकू, नारळाच्या काथ्याचा भुसा, एकदम क्लीन. वर लॉन, चार पाम. कार्बनबिर्बन सगळा तेच खेचतात."

चार पामांचा हा पराक्रम ऐकून उंबराला मेल्याहून मेल्यासारखं झालं असेल.

परवा सकाळी उंबर पाडला. थोड्या वेळाने बघते तर हे गृहस्थ पॅन्ट दुमडून बुंध्याशी बसलेले, हाताने माती गोणीत भरत होते. गांडूळ दिसलं की तेही अलगद उचलून आत सोडत होते.

"टॉवरच्या बागेसाठी का?" मी विचारलं.

"छे हो, माहीमला घरी कुंड्या आहेत. आईच्या मोगऱ्याला कोकोपीट मानवत नाही."

मी टेन्शन घेतलं नाही. घरात गेले आणि आमची बादली घेऊन आले.