एकाच पोरीसाठी चौघींना हो

कुठल्या तोंडानं सांगू, असंही म्हणायची सोय नाही मला. घोटाळा झाला तो ह्याच तोंडानं झाला.

बहात्तरचा दुष्काळ सरला, त्यानंतरची गोष्ट. आम्ही सोलापुरात मिलच्या चाळीत राहायचो. मला तेव्हा एक रोग होता. कुणाला नाही म्हणायची वेळ आली की जीभ टाळूला चिकटायची. भाजीवाली "आक्का, दुधी घ्या की" म्हणाली, घेतला. मागनं तिची जाऊ आली टोपली घेऊन. तिला वाईट वाटू नये म्हणून तिचाही घेतला. आमचे हे मिलमधनं यायचे, ताटात बघायचे आणि गप जेवायचे. एक दिवस मात्र म्हणाले, "ह्या दुधीचं मी काय वाकडं केलंय गं?"

भाजीपुरतं राहिलं असतं तर ठीक. पण मी प्रार्थनेतही तेच करायची.

कसं ते सांगते. आम्ही ख्रिस्ती माणसं. रविवारी चर्चमध्ये भक्ती, बुधवारी संध्याकाळी कुणाच्या तरी घरी प्रार्थना. मला अक्षर येत नाही, पण बायबलमधलं जे कानावर पडलं ते डोक्यातनं हलत नाही. म्हणून बुधवारची प्रार्थना मलाच करायला सांगायचे. बायका म्हणायच्या, रिबकाबाईची प्रार्थना सरळ वर जाते. डोंबलाची वर जाते! सगळ्यांचे डोळे मिटलेले असायचे आणि मी एक डोळा किलकिला करून बघत असायची, जिच्या दुखण्याचं नाव घेतलं ती पदर डोळ्याला लावते का. लावला की मला समाधान. देव ऐकतोय का, हे बघायला मला सवड कुठे होती?

तर आमच्या शेजारी इंदू राहायची. नवरा गेलेला. विड्या वळून वळून तिनं एकुलत्या एका पोरीला, प्रमिलाला, मॅट्रिक केलं होतं. पोरगी गुणाची, त्यात मॅट्रिक. मग काय, आमच्या चर्चमधल्या दोन बायकांनी एकदमच मनात धरलं, सून करायची तर हिलाच.

पहिली दीनाबाई. रविवारी भक्ती सुटल्यावर तिनं मला बाजूला ओढलं. "रिबकाबाई, प्रमिला आमच्या मोहनला मिळू दे म्हणून मागा की. तुमचं ऐकतोय त्यो." मी म्हटलं, मागते की. दुसऱ्या दिवशी तिच्याकडून शेंगाचटणीची बरणी आली.

दुसरी सारूबाई. ती मंगळवारी सकाळी शेंगाच्या पोळ्या घेऊनच आली, वर लोणकढं तूप. मी तुकडा तोंडात टाकल्यावर तिनं विषय काढला. तिच्या दानियलसाठी प्रमिलाच हवी, मी देवाजवळ शब्द टाकावा. आता तोंडात तिचीच पोळी असताना नाही कसं म्हणायचं, तुम्हीच सांगा. मी मान हलवली. ती खूश होऊन गेली.

तुम्ही म्हणाल, दोघींना हो म्हटलं तर म्हटलं, पुढचं देव बघेल. मलाही तसंच वाटलं होतं. पण त्याच दुपारी इंदू आली. दोन्ही घरांचं विचारणं आलेलं, एकीला हो म्हणावं तर दुसरी दुखावते. म्हणून तिनं डोकं चालवलं होतं. बुधवारची प्रार्थना आपल्या घरी ठेवली होती आणि दोघींना कळवून टाकलं होतं की, रिबकाआक्का प्रार्थनेत ज्या घराचं नाव घेतील ती देवाची इच्छा. पोरगी त्या घरी दिली, पुढं बोलणं नाही.

"चालंल न्हवं, आक्का?"

बाई गं, मला नाही म्हणायचं होतं. अगदी ओठावर आलं होतं. बाहेर काय पडलं? "चालंल की."

एवढ्यावर थांबावं की नाही? बुधवारी सकाळी नळावर प्रमिला भेटली. घागर भरून वाहायला लागली तरी तिचं लक्ष नव्हतं. इकडे तिकडे बघून म्हणाली, "मावशी, मला लगीनच नको. मिरजेला नर्सिंग शिकायला घेतलंय मला. जूनमधी जायाचं हाय. आईला सांगायचं धाडस हुईना. तुमी देवाला सांगा की."

आणि मी तिलाही म्हटलं, सांगते!

भाकरी करपल्या. आमच्या ह्यांना सगळं सांगितलं तर ते म्हणाले, "मग तू आजारी पड." पण आजारी पडले असते तर इंदूला वाईट वाटलं असतं ना!

संध्याकाळी इंदूच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. दीनाबाई माझ्या उजव्या अंगाला चिकटून बसली, सारूबाई डाव्या. प्रमिला चुलीपाशी. पेटीवर भजन झालं. मग चर्चचे पाळकसाहेब दोन शब्द बोलले. विषय काय असावा त्यांचा? म्हणे, जो सगळ्यांना खूश ठेवत बसतो, त्याच्या हातून देवाची चाकरी होत नाही. मी जोरजोरात मान डोलावली. मनात म्हटलं, बरं झालं, दीनाबाईला ऐकायला मिळालं.

"रिबकाबाई, तुम्ही प्रार्थना चालवा," पाळकसाहेब म्हणाले. सगळ्यांचे डोळे मिटले.

मी आभाळापासून सुरुवात केली. सूर्याचे आभार मानले, चंद्राचे मानले. पाऊस, विहिरी, ज्वारी, तूर, शेरडं, करडं, एकेकाचं नाव घेऊन मानले. मिलमधल्या साहेबांसाठी मागितलं, साच्यावरच्या कामगारांसाठी मागितलं, गाडी चालवणाऱ्यांसाठी, रूळ ओलांडणाऱ्यांसाठी मागितलं. माझे गुडघे भरून आले. पेटीवाला घोरायला लागला, त्याच्यासाठीही मागितलं. दीनाबाई खाकरली. सारूबाईनं मला कोपर मारलं.

आता टाळता येईना. मी म्हटलं, "बापा, ह्या घरच्या लेकीला चांगलं घर मिळू दे."

"आमेन," दीनाबाई म्हणाली. "आमेन," सारूबाई त्याहून मोठ्यानं.

"मुलगा कष्टाचा असू दे."

पुन्हा दोन आमेन. एक उजव्या कानात, एक डाव्या.

"आणि सासू, बापा, शांत स्वभावाची असू दे."

ह्याला मात्र खोलीत कुणीच आमेन म्हटलं नाही.

मी सवयीनं एक डोळा उघडला. समोर प्रमिला. तिचे डोळे मिटलेलेच नव्हते. माझ्याकडेच बघत होती. पोरीनं ओठ असा दाबून धरला होता की पांढरा पडला होता. मी आता ज्या घराचं नाव घेणार तिथं ही जन्मभर भांडी घासणार, आणि मी इथं शेरडाकरडांचे आभार मानत बसले होते. मी पटकन डोळे मिटले. आणि काय झालं मला ठाऊक नाही, पण पहिल्यांदाच मला वाटलं, की ऐकणारा खरंच तिथं आहे, आणि तो माझं हे सोंग किती वर्षं निमूट ऐकत आलाय.

मग मी त्याच्याशी बोलायला लागले. मोठ्यानं बोलतेय, हे डोक्यातच राहिलं नाही.

"देवा, मी दमले आता. मी दीनाबाईची चटणी खाऊन तिला हो म्हटलं, सारूबाईच्या पोळ्या खाऊन तिलाही हो म्हटलं. इंदूला हो म्हटलं. तुला काय पाहिजे, हे मी कधी विचारलंच न्हाय. तुझं नाव घेते आणि बायांची तोंडं बघते. ह्या पोरीला मिरजेला जाऊन नर्स व्हायचं हाय. ती आईला भिते, मी समद्यांस्नी भिते. तुझ्यावर माया करायची सोडून मी समद्यांच्या पुढं पुढं करत बसले. मला माफ कर. आमेन."

उजवा कान गप, डावा कान गप.

मग चुलीपाशी बारीक आवाज आला, "आमेन." प्रमिलाचा.

इंदूनं पदरानं तोंड पुसलं. "व्हय का गं?" तिनं पोरीला विचारलं.

"व्हय."

"मग मला का न्हाय सांगितलंस? मी काय वाघ हाय?" असं म्हणून ती रडायला लागली, आणि रडता रडता माझ्याकडे वळली. पोरीच्या मनातलं मला आधी कळलं आणि मी आईला सांगितलं नाही, ह्यावर तिनं माझी जी हजेरी घेतली ती पुरुषमंडळींनी बाहेर उभं राहून ऐकली. दीनाबाईनं बरणी परत मागितली, रिकामी तर रिकामी. सारूबाई म्हणाली, पोळ्यांचं तूप तरी आठवायचं होतं. त्या दोघी रविवारपासून एकमेकींशी बोलत नव्हत्या, पण त्या संध्याकाळी मला शिव्या देत देत हातात हात घालून घरी गेल्या. पाळकसाहेब चपला घालताना एवढंच म्हणाले, "रिबकाबाई, शेवटचंच आधी म्हटलं असतंत तर जेवायला वेळेवर पोचलो असतो."

प्रमिला जूनमध्ये मिरजेला गेली. इंदूनंच ट्रंक भरून दिली. मला पुढं किती दिवस बुधवारी कुणी प्रार्थना करायला सांगितलं नाही. आधी लई लागलं मनाला. मग घरीच चुलीपुढं बसून दोन-दोन वाक्यं बोलायला लागले त्याच्याशी. डोळा उघडून बघायला तिथं कुणी नसतं ना, बरं पडतं. हळूहळू भाजीवालीलाही नाही म्हणता यायला लागलं.

पोरगी शिकून सोलापुरातच दवाखान्यात लागली. एकदा मला ताप भरला आणि नशिबानं सुई घेऊन तीच आली. पांढरी साडी, डोक्यावर टोपी. मला सुईची भारी भीती. मी तिचा हात धरला, म्हटलं, "पोरी, दुखणार न्हाय म्हण की. माझ्या समाधानासाठी म्हण."

"दुखणार, मावशी," ती म्हणाली. "तुमच्या समाधानासाठी देवासमोर खोटं कशाला बोलू? तुमीच शिकवलंय की."

आणि दुखलं हो. लई दुखलं! मी कॉटवर पालथी पडल्या पडल्या देवाला म्हटलं, बापा, हिला जरा कमी शिकवलं असतं तर तुझं काय बिघडलं असतं?