न गोठलेली रात्र

झेन्झीच्या उंच डोंगरावरच्या मुक्कामघरात सकाळचा चहा घड्याळावर नाही, काठीवर ठरायचा. उजाडता उजाडता ती दाराबाहेर यायची आणि स्कीची काठी बर्फात खुपसायची. काठी टणकन अडली, की टेबलावर पाव, लोणी, चहा मांडायची. मुठीपर्यंत आत गेली, तर स्वयंपाकघराचं दार बंद. उपाशीपोटी डोंगर उतरायला कुणी निघत नाही, एवढं माणसाचं पोट तिला कळत होतं. ओट्झ खोऱ्यातले वाटाडेही गिऱ्हाइकांना बजावत, हवामानाच्या बातम्या खुशाल ऐका, पण झेन्झीनं चहा मांडल्याशिवाय बूट चढवू नका.

ती लग्न होऊन वर आली तेव्हा ही काठी तिच्या नवऱ्याच्या, सेराफिनच्या हातात असायची. वसंतातला बर्फ केसानं गळा कापतो, हे त्यानंच तिला शिकवलं आणि पुढं काठीही तिच्याच हाती दिली. दिवसा उन्हात वितळलेला बर्फ रात्री मोकळ्या आभाळाखाली दगडासारखा गोठतो. सकाळी त्या कवचावरून उतरून जायचं, दुपारी त्याच्या वाटेला जायचं नाही. पण रात्री ढगांची गोधडी पसरली, की कवच धरतच नाही. आत नुसती भिजलेली साखर. मग अख्खा उतार माणसासकट खाली येतो.

गेल्या हिवाळ्याच्या तोंडाशी सेराफिनच्या अंगावरून वारं गेलं. तेव्हापासून तो खाली बहिणीकडे, अफ्राकडे होता. या वसंतात झेन्झीनं मुक्कामघर एकटीनं उघडलं, कारण जड झालेल्या जिभेनं त्यानंच हट्ट धरला होता.

एप्रिल संपता संपता दक्षिणेचा उबदार वारा सुटला, तो तिसऱ्या सकाळीही थांबेना. ढग छपराला टेकलेले. आत इग्नाझ वाटाड्या आणि त्याची म्युनिकहून आलेली चार गिऱ्हाइकं अडकून पडली होती. ओल्या मोज्यांचा वास, तेच पत्ते, तेच जवाचं सूप. माणसं एकमेकांच्या चावण्याच्या आवाजानंसुद्धा चिडायला लागली होती.

"झेन्झी, आज सुपात माझे मोजे घाल," इग्नाझ म्हणाला. "निदान चव तरी बदलेल."

"मग पातेलंच फेकावं लागेल. मेल्या, धू ते आधी."

गिऱ्हाइकांतला दातांचा डॉक्टर हसला नाही. तो खिडकीशी चिकटून होता. "आज जरा गारवा वाटतोय की."

"तुला वाटून काय उपयोग? बर्फाला वाटायला हवा," झेन्झी म्हणाली. इतक्या उंचीवर कुणी कुणाला अहो-जाहो करत नाही.

तेवढ्यात फोन वाजला. अफ्रा होती.

"झेन्झी, दादाला दवाखान्यात आणलंय. पुन्हा झटका आला. डॉक्टर म्हणतात, भेटायचं असेल तर आजच. तुझंच नाव घेतोय गं."

"हेलिकॉप्टर?"

"विचारलं मी. या ढगात नाही म्हणतात."

झेन्झीनं फोन ठेवला, बूट चढवले आणि भिंतीवरच्या स्की काढल्या. पहाटे काठी मुठीपर्यंत आत गेली होती, हे ती विसरली नव्हती. पण जीव तिचा, नवरा तिचा. हा जुगार खेळायला तिला कुणाची परवानगी नको होती.

वळून पाहिलं, तर पाचही जण बूट घालत होते.

"तुम्ही कुठं निघालात?"

"तुझ्या मागून," इग्नाझ म्हणाला.

"चहा मांडलाय का मी? मी मरायला चाललेय, मूर्खा!"

"तू कसली मरतेस! तू निघालीस म्हणजे वाट आहे."

"सेराफिन चाललाय, इग्नाझ. म्हणून निघालेय."

इग्नाझचा चेहरा उतरला. त्यानं गुपचूप बूट काढले. मग तिच्या जवळ येऊन म्हणाला, "मी थांबतो. पण यांची हमी माझ्याकडून घेऊ नकोस. तीन दिवस हे माझं ऐकत नाहीत, तुझ्या पायांकडे बघतायत. बर्फावर तुझ्या स्कीची रेघ दिसली, की हा डॉक्टर तिच्यावरूनच जाणार."

डॉक्टरनं मान खाली घातली. बूट मात्र काढले नाहीत.

झेन्झी बराच वेळ दारात उभी राहिली. तिला त्या सगळ्यांचा मनापासून राग आला. इतकी वर्षं सांभाळलेला शब्द, आणि आता त्यानंच तिला कोंडून घातलं होतं. एकटीनं मरायचीही सोय उरली नव्हती. तिनं स्की परत भिंतीला लावल्या आणि सूप चढवलं.

दुपारी ढग जरा वर सरकले आणि खालचा उतार दिसायला लागला. ती खिडकीतून हलली नाही. तो कोसळावा म्हणून ती देवाला विनवत होती. एकदा धडधडत खाली जा, म्हणजे मी थांबले ते कशासाठी, ते मला कळू दे. समोरच्या डोंगरावर दोनदा बर्फ गडगडत खाली आला. तिचा उतार मात्र पिवळट, ओला, जागच्या जागी राहिला.

संध्याकाळी अफ्राचा फोन आला. ती रडत होती.

"गेला गं. पण शांतपणे गेला. मी त्याला काळजी करू दिली नाही. सकाळपासून एकच धोशा, बर्फ गोठला का, गोठला का. मी म्हटलं, हो दादा, छान गोठलाय, ती निघालीसुद्धा."

झेन्झीनं खिडकीबाहेरच्या उताराकडे पाहिलं.

"मग दिवसभर दाराकडेच बघत राहिला. शेवटपर्यंत. झेन्झी, ऐकतेस ना?"

"त्याला हे कधी सांगितलंस?"

"सकाळीच. तुझ्याशी बोलले आणि लगेच. का गं?"

गोठलेल्या बर्फावरून सकाळी निघालेलं माणूस दुपारच्या जेवणाआधी दवाखान्यात पोचतं, हे सेराफिनला तिच्याहून चांगलं ठाऊक होतं.