बिब्ब्याचे डाग

आज ओपीडीत एका म्हातारीच्या कमरेला बिब्ब्याचा जळका वास आला आणि मला धसईकडच्या पाड्यावरची ती बाई आठवली. तेव्हा मी मुरबाडला सिस्टर होते. भाताच्या आवणीचे, लावणीचे दिवस. वॉर्डात न वाळलेल्या चादरींचा कुबट वास आणि तिच्या पोटऱ्यांवर सुकलेला चिखल. डॉक्टरांसमोर ती लुगडं सोडेना, म्हणून आधी मलाच दाखवलं. उजव्या जांघेत लिंबाएवढी लाल गाठ आणि तिच्यावर, दुखणं थांबावं म्हणून घातलेल्या बिब्ब्याचे काळे डाग. “किती दिवस झाले गं मावशी?” “आवणी लागली तवापासून. उरकल्याबिगर कशी येनार, बाय?” मी तिच्यावर खेकसलेच. हर्नियात आतडं अडकलं असणार, असं आम्ही धरून चाललो होतो. डॉक्टरांनी गाठ उघडली, तर आत अपेंडिक्स, सुजून पू झालेलं. “हे मी फक्त पुस्तकात वाचलं होतं,” एवढंच ते म्हणाले. त्यांनी अपेंडिक्स काढलं आणि पू असल्यामुळे जाळी न बसवता हर्नियाचं भोक नुसतं टाक्यांनी शिवलं. चौथ्या दिवशी मी ड्रेसिंग करत होते, तेव्हा तिने एकच विचारलं, “वाकाया कवा येल?” मी पट्टी चिकटवून पुढच्या खाटेकडे वळले, वॉर्डातली अजून सहा ड्रेसिंग बाकी होती. आजच्या म्हातारीलाही मी विचारलं, किती दिवस झाले. खेकसायचं मात्र राहून गेलं. दोन महिने झाले, आंघोळ करताना माझ्याही जांघेत एक गाठ हाताला लागते. माझ्या जागी बदलीवर दुसरी सिस्टर आली, की डॉक्टरांना दाखवीन म्हणते.