गादीवर ठेवायचे बूट

डार्मश्टाटमधल्या आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहणाऱ्या आजोबांच्या मते जगात माणसांचे दोनच प्रकार होते: ज्यांची मान जाड आहे ते, आणि ज्यांना अजून आशा आहे ते. मी दुसऱ्यात मोडत होतो. आजोबा एके काळचे सोव्हिएत कुस्तीतले चॅम्पियन. मग कोच झाले, मग क्रीडाखात्यात साहेब झाले. पुढे देशच चितपट झाला आणि ते मुलीपाठोपाठ जर्मनीत आले. साहेबकी मात्र अंगातून गेली नाही. गळ्यात शिट्टी कायम. ओल्या कचऱ्याच्या डब्यात कुणी प्लास्टिक टाकलं की बाल्कनीतून ती वाजे आणि तळमजल्यावरचे प्रोफेसरसुद्धा हात वर करून उभे राहत. संध्याकाळी आजोबा आमच्याकडे चहाला येत. बूट न चुकता दाराबाहेर काढत. माझं आणि बायकोचं जुंपलं, की मराठीचं अक्षर कळत नसताना मन लावून ऐकत, शेवटी आम्हा दोघांना सोलापुरी सतरंजीवर उभं करत आणि निकाल म्हणून तिचा हात वर करत. नेहमी तिचाच. एकदा मी तक्रार केली, तर जर्मनमध्ये म्हणाले, "आल्झो, हे बघ, तू सारखा मागे सरकतोस. मागे सरकणाऱ्याला गुण नसतात."

एकच गोष्ट त्यांना सलायची. कारकिर्दीतली शेवटची कुस्ती झाली की पैलवानाने बूट काढून कुस्तीच्या गादीच्या मधोमध ठेवायचे आणि तसंच चालत बाहेर पडायचं, असा त्यांच्यात रिवाज. आजोबांचं ते राहूनच गेलं. "ती शेवटची आहे हे मला कुणी सांगितलंच नाही," ते आम्हाला सांगत. "दुसऱ्या दिवशी बोलावून म्हणाले, आता तू कोच." ते बूट त्यांनी जपून ठेवले होते.

गेल्या महिन्यात त्यांच्या गुडघ्यांनी जिन्यापुढे हात टेकले. मुलगी त्यांना ब्योब्लिंगेनला आपल्या घरी न्यायला आली. आजोबा आमचा निरोप घ्यायला आले, ते थेट आत.

"अहो, आजोबा बूट घालून सतरंजीवर!" बायको ओरडली.

मी काही बोलणार, तोच ते वाकले. नाड्या सुटता सुटेनात, पण मला हात लावू दिला नाही. ते जुने बूट त्यांनी सतरंजीच्या मधोमध जोडीने ठेवले आणि मोज्यांवर ताठ उभे राहिले.

बायकोला कळलं. ती पुढे झाली, त्यांचं मनगट धरलं आणि टाचा उंचावून त्यांचा हात वर केला. आजोबा रडले. मीही रडलो.

बूट अजून तिथेच आहेत. आम्ही वळसा घालून जातो. आमची भांडणं होतात, पण निकाल लागत नाही.