आप्पांचं कॉकपिट

हिंदुराव घाडगे यांची सगळी नोकरी अकलूजला साखर कारखान्याची जीप चालवण्यात गेली. निवृत्तीनंतर त्यांना एकदा फिट आली आणि डॉक्टरांनी गाडी चालवायला कायमची बंदी केली. बायको आधीच वारली होती. मुलगी संस्कृती त्यांना जुळे सोलापुरातल्या आपल्या फ्लॅटवर घेऊन आली. ती कॉलेजात शिकवायची आणि सुट्टीच्या दिवशी कॉम्प्युटरवर विमान उडवायची. हिंदुराव गॅलरीतून रस्त्यावरच्या गाड्या बघत बसायचे. कुणी गिअर नीट टाकला नाही की त्यांचा डावा पाय क्लच दाबल्यासारखा हलायचा.

हे तिच्या लक्षात आलं. डॉक्टरांना विचारून तिने घरात कॉकपिट, म्हणजे कॉम्प्युटरवर गाडी चालवायला सीट, स्टिअरिंग आणि पेडल बसवलेला सांगाडा, घ्यायचं ठरवलं. खोलीत एकच सांगाडा मावणार होता. म्हणून त्यावर तिची विमान चालवायची काठी आणि आप्पांचं स्टिअरिंग दोन्ही आलटूनपालटून बसायला हवं होतं.

होटगी रोडवर अनीश नावाचा तरुण आपलं रेसिंगचं कॉकपिट विकत होता. सीट अगदी जमिनीलगत होती. हिंदुराव बसले, पण उठता येईना. अनीशने हात दिला.

"रेसच्या गाडीत असंच बसतात, काका."

"आसंल. पण मी कुटं शर्यतीला चाललोय?"

संस्कृतीने तो नाद सोडला. विमानात ताठ बसतात आणि जीपमध्येही. तिने एका वर्कशॉपमधून उंच सांगाडा वेल्ड करून घेतला. भंगारवाल्याकडून जुन्या जीपची सीट आणली, ती आप्पांनीच निवडली. ब्रेक दाबला की सगळंच मागे सरकायचं, म्हणून खाली जाड प्लायवूड ठोकलं.

पहिल्या रविवारी हिंदुराव चालवायला बसले आणि थोड्याच वेळात घामाघूम झाले. संस्कृती घाबरली.

"फिट न्हाय गं. मळमळतंय. वळण दिसतंय, पण अंग कलत न्हाय. डोळं एक सांगत्यात, बूड दुसरंच."

आणखी दोनदा बसून पाहिलं, पण तेच झालं. मग त्यांनी स्टिअरिंग काढायला सांगितलं. ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप केला त्यांनाच ते सोसेना, याचं तिला वाईट वाटलं. तिने काठी बसवली. ती विमान उडवायची आणि आप्पा शेजारी स्टुलावर बसून बघायचे.

एका दुपारी ते म्हणाले, "मला बसू दे की जरा."

विमान वर गेलं, डावीकडे झुकलं. तिने विचारलं, "मळमळतंय का?"

"न्हाय. विमानात मी कदी बसलोच न्हाय. खोटं कुटं हाय, ते अंगाला कळणार कसं?"

आता ते रोज उडवतात. उतरवणं अजून जमत नाही. गेल्या आठवड्यात उजनीच्या पाण्यावरून परतताना धावपट्टी चुकली आणि विमान शेतात जाऊन आदळलं. संस्कृती कॉलेजात होती. त्यांनी तिला ते सांगितलं नाही, पुन्हा उड्डाण केलं.